नाव सांगू नकोस

"डोळे मिटलेत मी. आण."

मी चमचा आईच्या ओठांशी नेला. चमच्यात अळ्या होत्या. रेशीम काढून घेतल्यावर कोषात उरतात त्या, डब्यात भरून आलेल्या, तपकिरी, सुरकुतलेल्या. डब्यावर सांगितलं होतं त्याच्या दुप्पट वेळ मी त्या उकळल्या होत्या. स्वयंपाकघरात ओल्या गोणपाटासारखा वास भरला होता. खिडकी उघडी होती, पंखा चालू होता, तरी वास हलत नव्हता.

"आई, हे कोरियात रस्त्यावर..."

"नाव सांगू नकोस म्हटलं ना."

"नाव कुठे सांगतेय? देश सांगत होते."

"देशही नको. आण लवकर, हात अवघडेल तुझा."

तिनं घास घेतला. चावताना काहीतरी बारीकसं फुटल्याचा आवाज आला. मी तोंड फिरवून टेबल पुसायला लागले. आई एखादं काम संपवावं तशी एका लयीत चावत होती. तिनं गिळलं, पाण्याचा घोट घेतला आणि डोळे उघडले.

"कसं आहे?" मी विचारलं.

"खाली गेलं ना?"

"गेलं."

"मग झालं तर. दे अजून."

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. लोक तिची आठवण काढतात ती तिच्या हातच्या जेवणासाठी. ठाण्यातल्या आमच्या कर्णिकांच्या घरी जेवून गेलेला माणूस कोलंबीची खिचडी, खाजाचे कानवले, वालाचं बिरडं यांचं नाव काढतोच. मी मान डोलावते. मला मात्र आधी आठवतं ते त्या उन्हाळ्यातलं टेबल, त्यावरचे परदेशी डबे आणि डोळे मिटून बसलेली आई.

पोटातला कॅन्सर होता. केमोथेरपीचे दोन डोस झाले होते आणि आई उतरत चालली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, म्हणून तिनं त्या काढून ठेवल्या होत्या. डॉक्टर गोड बोलणारे नव्हते. त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं, "वजन आणखी खाली आलं तर पुढचा डोस मी देणार नाही. शरीराला झेपणार नाही. आणि डोस थांबला तर मग..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. आईनंच विचारलं, "मग किती?" ते म्हणाले, "तेवढं बोलायची वेळ येऊ देऊ नका. जेवा."

पण आई जेवेना. पहिल्या डोसानंतर तिनं सकाळचा चहा एक घोट घेऊन खाली ठेवला आणि त्या दिवसापासून घरातला एकेक पदार्थ बंद करत गेली. भात नको. भाकरी नको. मासळी नकोच नको. बिरड्याचं तर नावही काढायचं नाही. मला वाटलं, माझ्या हातचं आवडत नाही. मी स्वयंपाकात यथातथाच होते. प्रकाशनसंस्थेची मुद्रितं घरी आणून तपासायची, हे माझं काम; कांदा परतताना माझं लक्ष पुस्तकात असतं, अशी आईची जुनी तक्रार होती. मग मी नौपाड्यातल्या एका बाईंकडून डबा लावला. आईनं झाकणही उघडलं नाही.

आहारतज्ज्ञ म्हणून हॉस्पिटलात एक तरुण मुलगी होती. ती म्हणाली, "घरचं नको वाटतं ना आजींना? मग अगदी वेगळं काहीतरी देऊन बघा. फक्त सीलबंद हवं आणि नीट शिजवलेलं. कच्चं काही नको. बाकी काय खातात ते मला नका सांगू, किती खातात ते सांगा."

पवईला परदेशी मंडळींसाठी चालवलेलं एक दुकान होतं. तिथून मी पहिल्यांदा समुद्री शेवाळाचं सूप आणलं. हिरवट काळं, बुळबुळीत. आई निम्मा वाडगा प्यायली. मी तिच्याकडे बघत राहिले.

मग सुरूच झालं ते. निवडुंगाच्या कापांची बरणी. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला आंबट भात. टोमॅटोच्या रसातले ऑक्टोपसचे तुकडे, पायांवरचे वाटोळे चूषक तसेच दिसणारे. नॉर्वेचं तपकिरी चीज, जे मला खरवसाला कोणी धूर दिल्यासारखं लागलं. चुन्यात आणि राखेत मुरवलेलं चिनी अंडं, ज्याचा पांढरा भाग काचेसारखा काळा होतो आणि बलक शेवाळी. ते मी पुन्हा वाफवून तिला दिलं. फ्रान्सच्या गोगलगाई लोण्यात. फणसासारख्या दिसणाऱ्या एका फळाचा गर, ज्याच्या वासावरून खालच्या मजल्यावरच्या देवस्थळींनी सोसायटीच्या सेक्रेटरीला गॅस गळतीचा फोन केला.

सगळंच तिला चालायचं असं नाही. काही घास ती शांतपणे कागदात काढून ठेवायची. पण दिवसाकाठी काही ना काही पोटात जात होतं. अट एकच. नाव सांगायचं नाही, देश सांगायचा नाही, आणि कशासारखं लागलं हे विचारायचं नाही.

"असं का गं?" मी एकदा विचारलं.

"असंच. आजारी माणसाचे लाड समज."

मी समजले ते वेगळंच. बाबांनी तिला महाबळेश्वरपलीकडे कुठे नेलं नव्हतं. आयुष्य या चुलीशी गेलं, आता ताटातून का होईना जग बघायची हौस आली असेल. ऑफिसात मी असंच सांगत असे. लोकांना ते आवडायचं. एकीनं तर डोळे पुसले. मला ते सांगताना बरं वाटायचं आणि घरी आल्यावर डब्याचं सील फोडताना नुसता कंटाळा यायचा. लेबलं वाचायची, शिजवायचं, भरवायचं, उरलेलं टाकायचं, भांड्याचा वास जाईपर्यंत घासायचं. रात्री मुद्रितं समोर घेतली की ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांपुढे हलायचे.

तिसऱ्या डोसासाठी सोमवारी जायचं होतं. त्याच्या आधीच्या गुरुवारी मालूआत्या आली.

मालूआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पेणला राहायची. पंच्याहत्तरी उलटलेली, तरी शेजाऱ्याची गाडी ठाण्याला जातेय म्हटल्यावर पुढच्या सीटवर बसून आली होती. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला पितळी डबा. आत येऊन तिनं चपला काढल्या आणि नाक वर करून हुंगलं.

"काय मेलंय घरात?"

"ऑक्टोपस," मी म्हटलं.

"कोण तो?"

मी बरणी दाखवली. आत्यानं चष्मा सावरला, बराच वेळ आत बघितलं आणि बरणी माझ्या हातात परत दिली. "आजारी बाईला हे घालतेस? अगं, आपल्यात मासळी कमी आहे का?"

"घालते कसली, वन्सं," आई आतून म्हणाली. "मीच मागते. या, बसा."

आत्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसली. तिनं आईच्या मनगटाकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे. दोघींचं नातं मला कधी नीट कळलं नाही. बिरडं कोणाचं चांगलं, यावरून त्यांच्यात लग्न झाल्यापासून स्पर्धा होती. पेणमध्ये कार्य कोणाकडेही असो, बिरड्याला मालूताईच लागायची. आणि आई म्हणायची, वन्सं खोबरं इतकं वाटतात की वाल शोधावे लागतात.

"काशीला जाऊन आलात म्हणे," आई म्हणाली.

"आले. तुझ्या नावानं गंगेत दिवा सोडला."

"आणि खाण्यातलं काय सोडलंत?"

आत्या थोडी चुळबुळली. काशीला गेलं की आपल्या आवडीचा एक पदार्थ जन्मभरासाठी सोडून यायचा, अशी आमच्याकडे रीत. मग तो पुन्हा तोंडात घालायचा नाही.

"पडवळ," आत्या म्हणाली.

"पडवळ?" आई उठून बसली. "वन्सं, तुम्ही जन्मात कधी पडवळ खाल्लंय? माझ्या लग्नात पानातलं पडवळ तुम्ही माझ्या पानात सरकवलं होतंत."

"देवानं कुठे विचारलं आवडतं का म्हणून?"

"आवडीचं सोडायचं असतं."

"आवडीचं सोडून मग जगायचं कशाला? आंबा सोडू? तू मला शिकवू नकोस हं इंदू. तू गेली नाहीस काशीला."

आई हसली. बऱ्याच दिवसांनी तिचे दात दिसले. आत्याला तेवढं पुरलं. तिनं पितळी डब्याचं झाकण उघडलं.

"बिरडं आणलंय. परवा भिजवले, काल मोड आले, रात्रभर बसून सोलले. बोटं बघ माझी. डॉक्टर म्हणाले ना खायला पाहिजे? खा मग. माझं खोबरं जास्त होतं ना? आज बेतानं घातलंय, तुझ्या पद्धतीनं. जन्मात पहिल्यांदा."

डब्यातून वाफ आली नाही, पण वास आला. मी पुढे झाले. "आत्या, ती आत्ताच जेवलीय, फ्रिजमध्ये..."

"असू दे, चारू," आई म्हणाली. "वाढ मला."

तिनं डोळे मिटले नाहीत. आत्याकडे बघत बघत तिनं वाटीभर बिरडं संपवलं, अगदी कडेचा रस बोटानं पुसून. शेवटी म्हणाली, "वन्सं, हरले मी."

आत्यानं पदरानं चष्मा पुसला. चार वाजता गाडी आली. जाताना जिन्यात ती मला म्हणाली, "बघितलंस? माणसाला आपलं लागतं, चारू. ते डबे फेकून दे."

वर आले तर आई बाथरूममध्ये बेसिन धरून उभी होती. सगळं पडलं होतं. मी पाठ चोळली, चूळ भरायला पाणी दिलं. अंथरुणावर आणून निजवलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली.

शुक्रवारी तिनं काही खाल्लं नाही. मी ऑक्टोपस गरम केला, शेवाळाचं सूप केलं, बरणीतली कुठली कुठली फळं फोडली. तिनं डोळेच मिटले नाहीत, मग मी चमचा तरी कशी नेणार. शनिवारी सकाळी मी वजनकाटा पुढे सरकवला. ती उभी राहिली. आम्ही दोघींनी खाली बघितलं. तो आकडा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आकड्याला टेकला होता.

"आई, सोमवारी परत पाठवतील," मी म्हटलं. माझा आवाज मलाच कोरडा वाटला. "काहीतरी खा. काहीही. नाव सांगणार नाही."

"आता नावाचं काही नाही गं."

"म्हणजे?"

तिनं मान वळवली. मग छताकडे बघत म्हणाली, "त्या औषधानं सगळं लोखंडी लागतं. कुलूप चाटावं तसं. पहिला चहा गेला. एक घोट घेतला आणि गेला तो. आता चहा म्हटलं की मला तो घोट आठवतो. आधीचे इतक्या वर्षांचे चहा कसे होते ते आठवतच नाहीत. तेव्हाच म्हटलं, बाकीचं आपण सोडून द्यायचं. चांगलं आहे तोवर. काशीला न जाताच."

मी पलंगाच्या कडेवर बसले.

"ते तुझे डबे बरे होते," ती म्हणाली. "ते कसे लागायला हवेत हे मला कुठे माहीत होतं? लोखंडासारखे लागले तर लागले. असतीलही तसेच. म्हणून नाव नको म्हणायचे. नाव कळलं की माणूस काहीतरी धरून बसतं मनात."

"मग परवा बिरडं का खाल्लंस?"

"तिची बोटं बघितलीस ना तू? कशी नाही म्हणू?" तिनं डोळ्यांवर हात घेतला. "सर्वांत शेवटपर्यंत तेच राखलं होतं मी. रात्री झोप येत नसली की नुसतं आठवायचे. आता आठवलं की कुलूप. गेलं ते. आता खायचं तरी कशासाठी?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. फ्रिजमध्ये पितळी डबा होता. उभ्या उभ्या मी चमचाभर बिरडं तोंडात घातलं. थंडगार होतं. वाल शिजलेले, पण मोडलेले नव्हते. आमसुलाचा आंबटपणा आणि नारळाचं दूध नेमकं जिथे भेटायला हवं तिथे भेटलं होतं. आईचंही इतकं चांगलं क्वचित होत असे. मी दुसरा चमचा घेतला. मग बाहेर आले.

"आई, बिरडंच बिघडलं होतं."

तिनं हात काढला. "काय?"

"आत्ता खाऊन बघितलं. कडूजहर. मला थुंकावं लागलं."

"वन्संचं बिरडं बिघडत नाही."

"मी सांगतेय ना. लोखंडासारखं लागतं. पितळी डब्याची कल्हई गेली असेल, नाहीतर वालच खराब असतील."

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी खोटं बोलले की ती अशीच बघायची. मी नजर हलवली नाही.

"फोन लाव तिला," ती म्हणाली.

"कशाला उगाच? म्हातारं माणूस, मनाला लावून घेईल."

"लाव. आणि मला ऐकू येईल असा लाव."

माझ्यापुढे इलाज नव्हता. फोन आईच्या उशीशी ठेवून मी नंबर फिरवला. घंटी वाजत होती तेव्हा वाटत होतं, आत्या देवळात गेली असू दे, झोपली असू दे. तिनं लगेच उचलला.

"बोल चारू. इंदू कशी आहे? बिरडं उरलं असेल ना, तिला आज भातावर..."

"आत्या," मी म्हटलं, "बिरडं बिघडलं होतं."

"काय होतं?"

"बिघडलं होतं. कडू. आईनं खाल्लं तेव्हा ती काही बोलली नाही, पण आज मी खाऊन बघितलं. तोंडात धरवत नाही."

पलीकडे लांब कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. आत्याच्या बिरड्याला आजवर कोणी नावं ठेवली नव्हती. एका लग्नात वरमाईनं तिखट कमी म्हटलं म्हणून ती जेवणाआधी पेणला परत गेली होती, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. मी डोळे मिटून घेतले.

"कडू?" आत्या म्हणाली.

"हो. लोखंडासारखं."

"आणि इंदूनं ते संपवलं?"

"सगळं. मग उलटी झाली. तेव्हापासून काही खात नाही."

पलीकडे फोन दुसऱ्या कानाला लावल्याची खरखर ऐकू आली.

"इंदू ऐकतेय का?"

"ऐकतेय, वन्सं," आई म्हणाली.

"अगं इंदू," आत्याचा आवाज एकदम वर चढला, भांडताना चढायचा तसा, "तो मेला वाणी. जुने वाल दिले मला. सोलतानाच काळपट दिसत होते. मला शंका आली होती, पण म्हटलं आता भिजवलेत तर करू या. आणि ती कल्हई. कल्हईवाला येतोय कुठे हल्ली? तोंडात घालून बघितलंसुद्धा नाही मी, उपास होता. तू बोलली का नाहीस तेव्हाच?"

"तुमची बोटं बघून, वन्सं."

"जळली ती बोटं. बिघडलंच होतं ते. माझंच चुकलं."

आईनं श्वास सोडला. मग म्हणाली, "असू द्या. होतं कधीतरी असं. वय झालं आता." तिच्या आवाजात इतक्या वर्षांची जीत होती, आणि ती तिनं लपवली नाही.

"हो, वय झालं," आत्या म्हणाली.

फोन ठेवल्यावर आई उशीला टेकून बसली. "कल्हई," ती स्वतःशीच म्हणाली. "मी सांगत होते तिला, स्टीलचा डबा घे." मग थोड्या वेळानं, "ते मागे आणलं होतंस, पानात गुंडाळलेलं, ते आहे का अजून? दोन दे. ते बिरडं टाकून दे आणि डबा घासून ठेव. परत द्यायचाय."

मी द्राक्षाच्या पानांचा डबा फोडला, वाफवला आणि तिला दिला. तिनं खाल्लं, हळूहळू, थांबत थांबत. रविवारीही खाल्लं. सोमवारी काट्यावर ती ठरलेल्या आकड्यात जेमतेम बसली आणि डॉक्टरांनी डोस दिला. त्यानंतरचेही झाले. एक पुरतं वर्ष मिळालं आम्हाला, त्यातले पावसाळ्यानंतरचे काही महिने तर बरेच होते. त्या महिन्यांत रात्री झोप आली नाही की ती मला बिरड्याची पद्धत सांगत बसायची. मी लिहून घेतली नाही. नुसती ऐकली.

पण त्या शनिवारचं राहिलं. संध्याकाळी आई झोपल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि ओट्याशी उभी राहून डब्यातलं सगळं बिरडं खाल्लं. डबा घासून पालथा घालत होते, तेव्हा माझा मोबाइल वाजला. मालूआत्या होती.

"एकटी आहेस?"

"हो."

"खाल्लं तिनं काही?"

"खाल्लं."

"बरं." मागे तिच्याकडचा टीव्ही चालू होता, तो तिनं बारीक केला असावा. "चारू, एक विचारते. खरं सांग. मीठ?"

"बरोबर होतं, आत्या."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.